नास्तिकाचे अंतःकरण

काही माणसांची चित्रे समाजात त्या माणसांची गाठ पडण्यापूर्वीच तयार असतात. सावकार म्हटला की तो निर्दय, पंतोजी म्हटला की तो विसराळू, आणि नास्तिक म्हटला की तो कोरडा! देवाचे नाव न घेणाऱ्या गृहस्थाच्या डोळ्यांस पाणी येत नाही, त्याचा कशावर म्हणून भरवसा नसतो, आणि पौर्णिमेचे चांदणे पडले तर त्यातही त्याला दिव्याच्या तेलाची बचत तेवढी दिसते, अशी आपली समजूत असते. लग्नाच्या बोलाचालीत ‘मुलगा हुशार आहे, निर्व्यसनी आहे, पण देव मानत नाही हो’ असे सांगताना सांगणाराचा आवाज आपोआप खाली उतरतो. घराण्यातले एखादे जुने दुखणे सांगावे तसा. भावना नाही, श्रद्धा नाही, अध्यात्म नाही, असा हा तिहेरी आरोप आहे. ईश्वर आहे की नाही हा वाद पुष्कळ जुना असून तो येथे उकरावयाचा नाही. ज्याला ईश्वर प्रतीत होत नाही, त्याच्या माणूसपणात नेमके काय उणे पडते, एवढेच पाहावयाचे आहे.

हे चित्र कोणी काढले, हा प्रश्न प्रथम विचारण्याजोगा आहे. आपल्याकडे नास्तिक म्हणताच कर्ज काढून तूप पिणारा चार्वाक डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु चार्वाकांचे मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाहीत. त्यांच्या मतांची ओळख आपणांस होते ती बहुतांशी त्यांच्या प्रतिपक्ष्यांच्या लेखणीतून. चौदाव्या शतकातील माधवाचार्यांच्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’त चार्वाकाला अगदी पहिले प्रकरण दिले आहे खरे, पण पहिल्या पायरीवर उभे करावयाचे ते खाली ढकलण्यासाठीच. प्रतिवादीची कैफियत वादीच्या वकिलाने लिहून द्यावी, आणि न्यायाधीशाने तेवढ्यावर निकाल सांगावा, तसा हा प्रकार झाला.

बरे, शास्त्रकारांच्या परिभाषेत नास्तिक म्हणजे वेदांचे प्रामाण्य न मानणारा. सांख्यांना ईश्वराची गरज वाटली नाही, पूर्वमीमांसकांनी जगत्कर्ता ईश्वर मानला नाही. तरी ते आस्तिकांच्या पंक्तीस बसले. जैन आणि बौद्ध मात्र नास्तिक ठरले. आता अहिंसेचा आणि करुणेचा जेवढा सूक्ष्म विचार या दोन ‘नास्तिकां’नी केला, तेवढा अन्यत्र क्वचितच आढळेल. निरीश्वर मनुष्य म्हणजे निर्हृदय मनुष्य हे समीकरण आपल्याच घरच्या दर्शनांनी असे पूर्वीच मोडीत काढलेले आहे. असे असूनही ते चालते, याचे कारण लोक दर्शने वाचून मते बनवीत नाहीत.

तथापि आरोप करणाऱ्यांच्या बाजूनेही एक बळकट साक्षीदार आहे, आणि त्याची साक्ष टाळणे न्यायाचे होणार नाही. तो म्हणजे इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल. त्यांचा जन्म १८०६ सालचा. वडील जेम्स मिल हे हिंदुस्थानात एकदाही पाऊल न टाकता हिंदुस्थानचा मोठा इतिहास लिहिणारे गृहस्थ. त्यांनी मुलाचे शिक्षण स्वतः घरी केले. तिसऱ्या वर्षी ग्रीक, आठव्या वर्षी लॅटिन, बाराव्या वर्षी तर्कशास्त्र! बरोबरीच्या मुलांशी खेळणे नाही, आणि धर्माचा संस्कार तर मुळीच नाही. धर्म सोडलेले लोक पुष्कळ असतात. पण आपल्याला तो प्रथमपासून कधी नव्हताच, असे मिल यांनी आपल्या आत्मचरित्रात नमूद केले आहे. अशा रीतीने वाढलेल्या या तरुणाच्या मनाची अवस्था १८२६ सालच्या शरद ऋतूत एकाएकी विलक्षण झाली. जगात ज्या सुधारणा व्हाव्यात म्हणून आपण झटतो, त्या सर्व या क्षणी घडून आल्या तर आपल्याला आनंद होईल काय, असा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला. आणि आतून स्पष्ट उत्तर आले, नाही. त्यानंतर कित्येक महिने त्यांना कशातच गोडी वाटेना. झोप घेऊन दुःख जाईना, पुस्तके उघडली तरी चित्त लागेना. आपल्या अंतःकरणातील भावनांचा झराच आटला, अशी त्यांची खात्री झाली.

येथे आस्तिक वाचक म्हणेल, ‘पाहिलेत? देव काढून घेतला की माणसाचे असे होते!’ हा तर्क सहज सुचणारा आहे, परंतु पुढची हकीकत त्याला अनुकूल नाही. मिल बरे झाले ते देवळात जाऊन नव्हे. मार्मोंतेल नावाच्या फ्रेंच लेखकाच्या आठवणी वाचीत असता एक प्रसंग आला: बाप वारल्यावर घरात आकांत झालेला, आणि त्या पोरसवदा मुलाच्या मनात एकाएकी निश्चय होतो की, यापुढे या सर्वांना आपणच सर्व काही होऊ. ते वाचता वाचता मिल यांच्या डोळ्यांतून अश्रू वाहू लागले. आपण दगड नाही, एवढे त्या अश्रूंनी त्यांस कळले आणि तेव्हापासून ओझे हलके होत गेले. पुढे १८२८ साली वर्ड्‌स्वर्थची कविता हाती आली आणि तिने उरलेले काम केले. मिल यांनी स्वतः या दुखण्याचे निदान केले आहे. त्यांच्या मते दोष ईश्वराच्या अभावाचा नव्हता. लहानपणापासून केवळ पृथक्करणाचीच सवय लावल्यामुळे, आणि भावनेला खतपाणी न घातल्यामुळे, मन सुकले. शिक्षकांनी आणि आईबापांनी ध्यानात ठेवावे असे हे निदान आहे, कारण देवभक्तांच्या घरांतूनही असली सुकलेली मुले परीक्षांचे पहिले नंबर घेऊन बाहेर पडतच असतात.

आणि हाच मनुष्य पुढे कसा वागला? त्यांची पत्नी हॅरिएट १८५८ साली प्रवासात असता फ्रान्समधील आव्हिन्यों या गावी वारली. मिल यांनी तिला तेथेच मूठमाती दिली, आणि तिच्या कबरस्तानाजवळच एक लहानसे घर विकत घेतले. आयुष्याची उरलेली पंधरा वर्षे ते वर्षातील बराचसा काळ त्या घरी राहत. तिची स्मृती हाच आपला धर्म झाला आहे, असे त्यांनी लिहून ठेवले. १८७३ साली तेही त्याच गावी वारले व तिच्याच शेजारी त्यांना पुरण्यात आले. अखेरच्या दिवसांत लिहिलेल्या निबंधात त्यांनी मर्यादित सामर्थ्याच्या एखाद्या ईश्वराची शक्यता तेवढी कबूल केली, आणि त्यांचे काही अनुयायी त्यामुळे हिरमुसलेही. पण कोणत्याही पंथाचा आसरा मात्र त्यांनी घेतला नाही.

मृत्यूच्या प्रसंगी नास्तिकाची जी कसोटी लागते, ती अन्य कोठे लागत नाही. टॉमस हेन्री हक्स्ली हे डार्विनच्या मताचे मोठे पुरस्कर्ते. अज्ञेयवादी या अर्थाचा इंग्रजी शब्द पुढे १८६९ साली त्यांनीच बनविला. १८६० सालच्या सप्टेंबरात त्यांचा पहिला मुलगा नोएल, पुरता चार वर्षांचाही नव्हता, तांबड्या तापाने दोन-चार दिवसांत गेला. चार्ल्स किंग्स्ली नावाच्या धर्मोपदेशक मित्राने सांत्वनाचे पत्र पाठविले. हक्स्ली यांनी त्याला जे उत्तर लिहिले, ते आजही वाचणाऱ्याला हलवून सोडते. आत्म्याचे अमरत्व आपण नाकारीत नाही आणि मानीतही नाही, असे ते म्हणतात. एखादी गोष्ट खरी असती तर बरे वाटले असते, एवढ्यावरून ती खरी ठरत नाही. उलट, जी गोष्ट खरी असावी अशी मनाला तीव्र इच्छा आहे, तिच्याविषयी अधिक कडक पुरावा मागितला पाहिजे. बायको, मूल, नाव, कीर्ती सगळे एकामागून एक गेले तरी खोटे बोलणार नाही, हा त्यांचा निर्धार त्या पत्रात आहे. मुलाला मातीत ठेवताना धर्मोपदेशकाने जे वचन वाचले, त्याचा आशय असा होता की, मेलेले पुन्हा उठणार नसतील तर खावे, प्यावे, कारण उद्या मरावयाचेच आहे. ते ऐकून शोकाकुल बापाच्या अंगाची आग झाली. प्रिय वस्तू गेली म्हणून आपण माणुसकीही टाकून द्यावी काय, हा त्यांचा प्रश्न.

या पत्रात दुःख कमी आहे असे कोण म्हणेल? कमी आहे ते सांत्वन. लोकांची चूक होते ती येथेच. सांत्वनाचा अभाव पाहून ते दुःखाचाच अभाव मानतात. आस्तिकाच्या घरी मृत्यू झाला म्हणजे तेरा दिवस करावयास काही तरी असते: अस्थी गोळा करावयाच्या, पिंड ठेवावयाचा, कावळा शिवेपर्यंत वाट पाहावयाची, संध्याकाळी गरुडपुराण. घरात माणसे येतात-जातात, मनाला टेकावयास जागा मिळते. आणि गेलेला कोठे तरी सुखात आहे, ही कल्पना तर केवढी मोठी! नास्तिकाजवळ यातले काही नसते. तो खुर्चीवर गप्प बसतो, आणि बघणारा बाहेर जाऊन सांगतो की, डोळ्याला टिपूससुद्धा नाही. देवळाचा, वारीचा, भजनी मंडळाचा जो सहवास आस्तिकास अनायासे लाभतो, त्याला नास्तिक मुकतो, हे मात्र खरे आहे व ते उणे लहान नाही. विवेकवाद्यांनी त्याची दखल पुरेशी घेतली आहे असे दिसत नाही.

आता श्रद्धेकडे वळू. ज्याला देवाचे भय नाही त्याच्या शब्दाचा भरवसा काय, हा युक्तिवाद इंग्लंडात नुसत्या गप्पांचा विषय नव्हता. तो कायदा होता. १८६९ साली साक्षीचा कायदा दुरुस्त होईपर्यंत तेथे शपथ न घेणाऱ्या निरीश्वरवाद्याची साक्ष न्यायालयात चालत नसे. चार्ल्स ब्रॅडलॉ हा उघड नास्तिक गृहस्थ १८८० साली नॉर्दॅम्प्टनमधून पार्लमेंटात निवडून आला. ईश्वराची शपथ घेण्याऐवजी साधी प्रतिज्ञा करतो, असे तो म्हणाला. सभागृहाने ते नाकारले. एक रात्र त्याला तेथल्या घड्याळाच्या मनोऱ्यात अटकेतही ठेविले. मतदार त्याला पुनःपुन्हा निवडून देत राहिले, आणि अखेर १८८६ साली त्याला आपल्या जागेवर बसता आले. दोनच वर्षांनी, १८८८ साली, प्रतिज्ञेचा हक्क सर्वांस देणारा कायदा त्याच्याच खटपटीने मंजूर झाला. गंमत अशी की, शब्दाला किंमत नाही म्हणून ज्याला सहा वर्षे दाराबाहेर ठेविले, त्याने प्रतिज्ञेचा आग्रह धरला होता तो स्वतःच्या शब्दाला जपण्यासाठीच. तोंडाने चार अक्षरे पुटपुटून आत जाणे पहिल्या दिवशीच सोयीचे नव्हते काय? आपल्या राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत मंत्र्यांना आणि संसदेच्या सभासदांना ‘ईश्वरसाक्ष शपथ’ किंवा ‘गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा’ असे दोन पर्याय दिलेले आहेत, ते वाचताना या जुन्या भांडणाची आठवण व्हावी.

हिंदुस्थानच्या बाजूने पार्लमेंटात झगडणारा म्हणून ब्रॅडलॉची येथे मोठी ख्याती होती, व १८८९ सालच्या मुंबईच्या काँग्रेसला तो स्वतः हजर राहिला होता. १८९१ च्या जानेवारीत तो वारला, तेव्हा लंडनमध्ये कायद्याचा अभ्यास करणारे मोहनदास गांधी त्याच्या अंत्ययात्रेस गेले. परततेवेळी स्थानकावर गाडीची वाट पाहत असता गर्दीतील एका कडव्या नास्तिकाने एका धर्मोपदेशकाला गाठून त्याची उलटतपासणी चालविली: पृथ्वीचा घेर तर इतका, मग तुमच्या देवाचा आकार किती आणि तो राहतो कोठे? उपदेशक नम्रपणे उत्तरला की, तो आपल्या दोघांच्याही हृदयात राहतो. यावर तो वीर विजयी मुद्रेने हसला. गांधींनी आपल्या आत्मकथेत लिहिले आहे की, या संभाषणाने त्यांची नास्तिक मताविषयीची नावड अधिकच वाढली. ज्याच्या मातीला म्हणून सर्व मंडळी आली, त्याने आयुष्यभर दुसऱ्याचा हक्क सांभाळला. आणि छाप पडली ती फलाटावरच्या वाचाळाची! नास्तिकांच्या दुर्लौकिकाचा पुष्कळसा भाग अशा वाचाळांनी स्वकष्टाने मिळविलेला आहे.

राहिले अध्यात्म. हा शब्द हल्ली इतक्या सैलपणे वापरला जातो की, त्याची व्याख्या करू जाणाराची फजिती व्हावी. स्वतःपलीकडच्या काही तरी विशालाने भारून जाणे, आणि स्वतःच्या आत निर्भयपणे डोकावणे, एवढा अर्थ घेतला तर तो देवघराबाहेरही सापडतो. डार्विन यांनी उतारवयात कबुली दिली आहे की, त्यांना काव्य, संगीत यांची गोडी उरली नाही आणि मन म्हणजे नियमांचे पीठ दळणारे यंत्र झाले. पुन्हा जन्म मिळता तर आठवड्यातून एकदा तरी कविता वाचण्याचा नियम केला असता. ही कबुली आरोपाच्या पुराव्यात नेहमी सादर केली जाते. पण स्वतःच्या मनाचा इतका निष्ठुर झाडा घेणे हेच आत्मपरीक्षण नव्हे काय? जवळचे उदाहरण डॉ. श्रीराम लागू यांचे. १९७० सालापासून ‘नटसम्राट’ पाहून ज्यांनी रुमाल ओले केले, त्यांतील पुष्कळांना आपल्याला रडविणारा हा नट देवाला निवृत्त करा म्हणणारा आहे हे नंतर कळले, आणि त्यांना ते खरे वाटेना.

परंतु महाराष्ट्रात या विषयाचा विचार गोपाळ गणेश आगरकर यांच्यावाचून पुरा होऊच शकत नाही. १८५६ साली कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी दारिद्र्यात जन्मलेला हा मुलगा कोठे कारकुनी करून, कोठे पायी प्रवास करून, अंगावरचा एकुलता सदरा रात्री धुऊन सकाळी तोच घालून डेक्कन कॉलेजपर्यंत पोचला. तेथे मिल आणि स्पेन्सर यांचे ग्रंथ त्यांनी वाचले व परमेश्वरावरील विश्वास गमावला, किंवा अधिक नेमके बोलावयाचे तर, त्याविषयी काही कळणे शक्य नाही अशा मताला ते आले. एम. ए. ची परीक्षा जवळ आली तेव्हा आईला त्यांनी लिहिलेले पत्र प्रसिद्धच आहे. मुलाला आता मोठ्या पगाराची जागा मिळेल अशी आशा तू धरली असशील. पण पोटापुरते मिळवून बाकीचा वेळ परहितासाठी घालवावयाचा असे मी ठरविले आहे, असा त्याचा मतलब. ज्या आईने उपासमारीत दिवस काढले, तिला हे लिहिताना हात कापला नसेल असे समजणाराने ते पत्र पुन्हा वाचावे.

१८८२ साली कोल्हापूर प्रकरणात टिळकांबरोबर त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढले. त्याच सुमारास त्यांनी शेक्सपिअरचे ‘हॅम्लेट’ मराठीत आणले व १८८३ साली ते प्रसिद्ध झाले. नाव काय ठेवावे? ‘विकारविलसित’! मनोविकारांचा खेळ हाच ज्याला त्या नाटकाचा गाभा वाटला, त्याला भावनाशून्य म्हणावयाचे. वाक्यमीमांसेसारखा रूक्ष विषयही त्यांनी लिहिला, पण कवी आणि काव्य यांवरही तितक्याच आवडीने लिहिले.

१८८८ च्या ऑक्टोबरात ‘सुधारक’ निघाला. सुधारणा करावयाची तर तिला श्रुतिस्मृतींचा आधार शोधावा, अथवा प्रार्थनासमाजाप्रमाणे शुद्ध ईश्वरभक्तीचा आश्रय घ्यावा, या दोन्ही वाटा त्यांना मोकळ्या होत्या, आणि त्यांपैकी कोणतीही धरली असती तर निंदा पुष्कळ कमी झाली असती. त्यांनी ती सोय घेतली नाही. बालविवाह, विधवांचे केशवपन, स्त्रियांचे शिक्षण यांवरील त्यांचे लेख काढून पाहावेत. वाक्य तर्काने सुरू होते आणि संतापाने संपते. हा संताप कोठून येतो? ज्याला दुसऱ्याच्या घरातील अल्पवयी विधवेचे दुःख स्वतःच्या अंगाला झोंबते, त्यालाच तो येतो. पुण्यातील लोकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. आणि ती आपल्या घरावरून जात असता या गृहस्थांनी काय करावयाचे? दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहावयास बसावयाचे.

श्रद्धा म्हणजे न दिसणाऱ्या फळावर भरवसा ठेवून श्रम करणे, असे मानले तर आगरकरांइतका श्रद्धावान पुरुष दुर्मीळच. फलाशा सोडून कर्म करावे, हे आस्तिकाला पुनःपुन्हा सांगावे लागते. यांच्यापाशी स्वर्ग नव्हता, पुढचा जन्म नव्हता, लोकांची वाहवाही नव्हती. हयातीत काही बदलेल अशी चिन्हेही थोडीच होती. मनुष्य विचाराने सुधारू शकतो, एवढ्या एका गोष्टीवर त्यांनी शरीर झिजविले. दम्याने छाती पोखरली होती, तरी १८९२ पासून फर्ग्युसन कॉलेजच्या मुख्याध्यापकाचे काम ते अखेरपर्यंत करीत राहिले. १७ जून १८९५ रोजी त्यांचे देहावसान झाले. एकोणचाळिसावे वर्षही पुरे झालेले नव्हते.

त्यांच्या उशाशी एक पुरचुंडी निघाली, तीत त्यांनी आपल्या दहनाच्या खर्चापुरते पैसे बांधून ठेविले होते, असे सांगतात. मागे यशोदाबाईंना कोणापुढे हात पसरावा लागू नये म्हणून. टिळकांचा आणि त्यांचा स्नेह तुटून कित्येक वर्षे झाली होती, ‘केसरी’ आणि ‘सुधारक’ यांच्यात कडू शब्दांची देवघेव झाली होती. ‘केसरी’साठी मृत्युलेख लिहावयास टिळक बसले, तेव्हा त्यांना अश्रू आवरेनात, आणि एरवी झपाट्याने मजकूर हातावेगळा करणाऱ्या त्या पुरुषाला तो लेख पुरा करावयास फार वेळ लागला, अशी आठवण सांगितली जाते.